हृदयालेखाचे वाचन आणि त्याचे अध्यापन : लायडेनच्या तारेपासून ऑनलाइन प्रशिक्षणापर्यंत

प्रास्ताविक

वैद्यकीय, परिचर्या व निमवैद्यकीय शाखांतील विद्यार्थ्यांना हृदयालेख, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ईसीजी किंवा ‘कार्डिओग्राम’, वाचण्यास शिकविणारी ऑनलाइन साधने गेल्या पंचवीस वर्षांत मोठ्या संख्येने निर्माण झाली आहेत. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका पक्षाच्या मते संगणकाने अध्यापनात न भूतो अशी क्रांती केली. दुसऱ्या पक्षाच्या मते रुग्णाच्या खाटेपाशी मिळणाऱ्या शिक्षणाची ही निव्वळ अवनती आहे. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती अशी की पूर्वी हृदयालेख रुग्णापाशीच वाचला जात होता आणि संगणकाने त्याला रुग्णापासून दूर नेले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. हृदयालेख जन्मापासूनच रुग्णापासून विलग झालेला होता आणि त्याच्या अध्यापनाचा इतिहास हा मुख्यतः दोन प्रश्नांचा इतिहास आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. शिकणाऱ्याच्या नजरेखालून पुरेसे आलेख जावेत कसे, हा पहिला प्रश्न. आलेख वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न वरकरणी शैक्षणिक दिसत नाही, परंतु अध्यापनपद्धतीतील मोठे बदल त्याच्यामुळेच घडून आले, असे या लेखकाचे मत आहे.

लायडेन : दूर बसलेला वाचक

मानवी हृदयाच्या विद्युत्‌क्रियेची शरीराच्या पृष्ठभागावरून पहिली नोंद लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये घेतली. त्यासाठी त्यांनी लिपमन यांचे केशनलिका-विद्युत्‌मापक वापरले होते. वॉलर हे उत्तम प्रात्यक्षिककार होते. जिमी नावाचा आपला बुलडॉग मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून उभा करून ते श्रोत्यांसमोर त्याच्या हृदयाची स्पंदने दाखवीत. रॉयल सोसायटीतील अशा एका प्रयोगावरून 1909 मध्ये ब्रिटिश संसदेत प्राण्यांना क्रूरतेने वागविल्याचा प्रश्न उपस्थित झाला आणि पाण्यात केवळ थोडे मीठ होते, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला. ही घटना गमतीची असली तरी तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वॉलर यांच्या दृष्टीने हृदयालेख ही दाखविण्याची वस्तू होती, वाचण्याची नव्हे. रुग्णालयात या तंत्राचा फार व्यापक उपयोग होईल असे आपणास वाटत नाही, असे मत त्यांनी 1911 मध्येही नोंदविले होते.

वाचन सुरू झाले ते हॉलंडमधील लायडेन येथे. विलेम आइंथोवन यांचा जन्म 1860 मध्ये जावा बेटावरील समारंग येथे, डच वसाहतीत झाला होता. लायडेनला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असताना 1889 मध्ये बाझेल येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहिले. केशनलिकेतील पारा मंदगतीने हलत असल्याने मिळणारी रेषा खरी नसते, हे ओळखून त्यांनी ती गणिताने दुरुस्त केली आणि दुरुस्त केलेल्या रेषेतील उंचवट्यांना 1895 मध्ये पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. ही अक्षरे आजही जगातील प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. म्हणजे लिपी प्रथम तयार झाली आणि ती थेट लिहू शकणारी लेखणी नंतर आली, असा विलक्षण क्रम येथे दिसतो. ती लेखणी म्हणजे तार-गॅल्व्हॅनोमीटर. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ताणून बसवावयाचा, हृदयाच्या प्रवाहाने तो हलला की त्याची सावली सरकत्या छायाचित्रण-पट्टिकेवर पाडावयाची, असे त्याचे तत्त्व होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे 270 किलोग्रॅम होते. त्याने दोन खोल्या व्यापल्या होत्या, त्याचा विद्युत्‌चुंबक वाहत्या पाण्याने थंड ठेवावा लागे आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत.

अशा यंत्रापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण रुग्णालयात. यंत्र हलविणे अशक्य होते, आणि ज्यांचे हृदय निकामी होत आले आहे अशा रुग्णांना उचलून आणणे धोक्याचे होते. आइंथोवन यांनी यावर काढलेला उपाय आजच्या चर्चेच्या संदर्भात मूलभूत महत्त्वाचा आहे. रुग्णालय व प्रयोगशाळा यांच्यातील सुमारे दीड किलोमीटरचे अंतर त्यांनी टेलिफोनच्या तारेने जोडले. रुग्ण तिकडे आपले हात व डावा पाय क्षारद्रावाच्या भांड्यांत बुडवून बसे आणि त्याच्या हृदयाची रेषा इकडे उमटे. पहिला ‘टेलेकार्डिओग्राम’ 22 मार्च 1905 रोजी घेण्यात आला. तो एका निरोगी व धडधाकट पुरुषाचा होता. त्यातील आर लहरी उंच आल्या होत्या आणि नोंद घेण्यासाठी हा गृहस्थ प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकल चालवीत गेल्यामुळे तसे झाले असावे, असे कारण त्या वेळी दिले गेले. दूरस्थ वाचनाचा हा पहिलाच नमुना, आणि त्यातच ‘रुग्ण आधी काय करीत होता?’ हा प्रश्न विचारल्यावाचून रेषेचा अर्थ लागत नाही असा अनुभव यावा, हे लक्षणीय आहे.

आइंथोवन यांनी 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात निलयातून अवेळी उठणारे ठोके, हृदयातील वहनाचा संपूर्ण अवरोध अशा विकृतींचे आलेख एकत्र मांडले आहेत. हा प्रबंध आपण संशोधन म्हणून वाचतो. परंतु अध्यापनाच्या इतिहासाच्या दृष्टीने तो हृदयालेखांचा पहिला संग्रह होय. रुग्णाशी ज्याची कधीही गाठ पडणार नाही अशा वाचकासमोर रेषा व तिचा अर्थ शेजारी शेजारी ठेवण्याची रीत येथून सुरू झाली.

लुइस आणि पुस्तकी वाचकाचा उदय

यंत्र केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या कारखान्यातून विक्रीस येऊ लागल्यावर हृदयालेख शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या हातून चिकित्सकांच्या हाती आला. या संक्रमणाचे नायकत्व निःसंशय लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील टॉमस लुइस यांच्याकडे जाते. नाडीचा जो पूर्णपणे अनियमित प्रकार चिकित्सकांना बोटांनी केव्हाच ओळखता येत होता, परंतु ज्याचे कारण उमगत नव्हते, तो अलिंदांच्या कंपनामुळे होतो आणि तो नित्य आढळणारा विकार आहे, हे त्यांनी 1909 मध्ये दाखविले. त्याच वर्षी व्हिएन्नातही रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. लुइस यांचा ‘द मेकॅनिझम ऑफ द हार्ट बीट’ हा ग्रंथ 1911 मध्ये आणि चिकित्सकांसाठी लिहिलेले ‘क्लिनिकल इलेक्ट्रोकार्डिओग्राफी’ हे छोटे पुस्तक 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आइंथोवन यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात लुइस यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

परंतु पुस्तकापेक्षाही लुइस यांची प्रयोगशाळा हीच त्या काळची खरी शाळा होती. बॉस्टनचे पॉल डडली व्हाइट 1913 मध्ये लुइस यांच्याकडे गेले आणि परतल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्‌स जनरल हॉस्पिटलमध्ये हे तंत्र रुजविले. पुढे मिशिगनमध्ये या शास्त्राचा पाया नव्याने घालणारे फ्रँक विल्सन हेही लुइस यांच्या सहवासात तयार झाले होते. ही गुरुकुलपद्धतीच होती. शिष्याने गुरूशेजारी बसून शेकडो पट्ट्या पाहावयाच्या, आपला अर्थ सांगावयाचा आणि लगेच गुरूकडून चूक ऐकावयाची. मोडी लिपी शिकलेल्या इतिहास-अभ्यासकास ही रीत नवी वाटणार नाही. बाराखडीचा तक्ता पाठ असूनही रुमालातील पहिले पत्र लागत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसून, अनेक हातांची अक्षरे पाहूनच लागू लागते. हृदयालेखाचेही तसेच आहे. नियम एका तासात सांगता येतात, नजर तयार होण्यास मात्र आलेखांची संख्या लागते, आणि प्रत्येक चुकीनंतर तत्काळ दुरुस्ती लागते.

या काळात वाचनाचा विषयही बदलला. लुइस यांचे सारे लक्ष तालावर होते. हृदयाच्या रोहिणीत गुठळी होऊनही रुग्ण जगू शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदान करता येते, हे जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये दाखविले होते. न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी 1920 मध्ये अशा रुग्णांच्या आलेखातील वैशिष्ट्यपूर्ण बदलाचे वर्णन केले. तालाचे चुकीचे वाचन बरेचदा नाडीवरून सावरून घेता येई. स्नायू मरत असल्याची खूण नजरेतून सुटली, तर ती सावरण्यास दुसरे साधन जवळजवळ नव्हते. लुइस यांनी स्वतः 1920 च्या दशकाच्या मध्यास हृदयालेखनाचा नाद सोडून रक्तवाहिन्यांच्या अभ्यासाकडे मोर्चा वळविला, म्हणजे या शास्त्राचे सर्वांत निकडीचे पर्व सुरू होत असताना त्याचा श्रेष्ठ अध्यापक त्यातून बाहेर पडला. पुढील तांत्रिक वाटचाल येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. विल्सन यांच्या कार्यावर आधारलेल्या छातीवरील सहा लीडची जागा अमेरिकन व ब्रिटिश संस्थांनी 1938 मध्ये प्रमाणित केली. न्यूयॉर्कचे इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी 1942 मध्ये अवयवांच्या वर्धित लीडची भर घातली. अशा रीतीने आजचा बारा लीडचा हृदयालेख पूर्ण झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्र लहान झाले, चाकांवर चढले आणि प्रत्येक रुग्णालयात पोहोचले. आलेख इतके वाढले की गुरूशेजारी बसण्याची पद्धत पुरी पडेना. मॅरियट यांचे पुस्तक 1954 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील लिओ शॅमरॉथ यांचे 1957 मध्ये, हॅम्प्टन यांचे 1973 मध्ये आले. यांपैकी शॅमरॉथ यांच्या पुस्तकाने आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक पिढ्या घडविल्या आणि ते आजही वसतिगृहांतील फळ्यांवर दिसते. शैक्षणिक दृष्ट्या मात्र डेल डुबिन यांचे 1970 चे पुस्तक वेगळे पडते. त्याच्या पानावर एक चित्र, एकदोन वाक्ये, वाक्यात एक गाळलेली जागा आणि बाजूस उत्तर अशी मांडणी आहे. बी. एफ. स्किनर यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या अध्यापन-यंत्रांच्या आणि क्रमबद्ध अध्ययनाच्या कल्पनेचे हे कागदावरील रूप होते. गुरूच्या तत्काळ दुरुस्तीची जागा छापील उत्तराने घेण्याचा हा यशस्वी प्रयत्न होय. पुढे पडद्यावर जे अवतरले त्याचा आराखडा येथे जवळजवळ तयार आहे.

परिचारिका वाचू लागतात

हृदयालेखाच्या अध्यापनातील सर्वांत मोठे स्थित्यंतर कोणत्याही यंत्रामुळे घडले नाही. ते घडले एका प्रशासकीय निर्णयामुळे. तीव्र हृद्‌रोहिणी-विकाराने दाखल झालेले अनेक रुग्ण पहिल्या काही दिवसांत निलयांच्या कंपनाने अचानक दगावत. छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत 1960 मध्ये प्रसिद्ध झाली आणि विद्युत्‌धक्क्याचे साधनही उपलब्ध होते. म्हणजे उपाय होता, पण त्याला मिळणारा अवधी काही मिनिटांचाच होता. एडिंबरो येथील डेस्मंड ज्युलियन यांनी 1961 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये असे सुचविले की अशा रुग्णांना एकत्र ठेवावे, त्यांचा हृदयालेख अखंड पाहिला जावा आणि प्रशिक्षित मंडळी सदैव जवळ असावीत. कॅन्सस सिटीत ह्यूज डे यांनी 1962 मध्ये असा विभाग चालू केला आणि त्याच सुमारास फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनीही.

आता प्रश्न असा निर्माण झाला की, रात्री तीन वाजता पडद्याकडे पाहत कोण बसणार? उत्तर उघड होते, पण ते उच्चारणे सोपे नव्हते. खाटेजवळ सदैव असते ती परिचारिका. तोपर्यंतच्या संकेतानुसार निदान करणे व विद्युत्‌धक्का देणे हे केवळ डॉक्टरांचे अधिकार होते. डॉक्टरला बोलावून आणेपर्यंत रुग्ण हातचा जाई. फिलाडेल्फियाच्या विभागात परिचारिकांना ताल ओळखण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले आणि आणीबाणीत स्वतःहून कृती करण्याचा अधिकारही देण्यात आला. मेल्टझर, रोझ पिन्नियो व किचेल यांनी 1965 मध्ये परिचारिकांसाठी प्रसिद्ध केलेली हृद्‌रोहिणी-विकार-दक्षतेची पुस्तिका हा या संक्रमणाचा दस्तऐवज होय. तिच्या तीन लेखकांपैकी पिन्नियो या स्वतः परिचारिका होत्या, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या घटनेचे शैक्षणिक परिणाम दूरगामी झाले. एकतर वाचकवर्ग शतपटींनी वाढला. दुसरे असे की, वाचनाचे उद्दिष्टच बदलले. हृद्‌रोगतज्ज्ञाला आलेखाचा सांगोपांग अर्थ हवा असतो; पाळीवरील परिचारिकेला ‘आता धोका आहे काय आणि मी काय करावे?’ एवढे क्षणात ठरवावयाचे असते. सर्वांना एकच अभ्यासक्रम, ही कल्पना येथे मोडीत निघाली. तिसरे म्हणजे, वाचन हे गुरुप्रसादाने मिळणारे कौशल्य न राहता तपासता येणारी, प्रमाणित करता येणारी क्षमता ठरले. बेलफास्ट येथे पँट्रिज यांनी 1966 मध्ये रुग्णवाहिकेतच ही दक्षता नेल्यावर पुढील काळात रुग्णवाहिका-कर्मचारीही या वाचकवर्गात आले. आज ‘आरोग्यशाखांतील विद्यार्थी’ असा व्यापक शब्दप्रयोग आपण सहज करतो, त्यामागे 1960 च्या दशकातील ही अधिकारवाटणी आहे. वैद्यकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना जेवढी पाने मिळतात तेवढी या परिचारिकांना मिळालेली नाहीत.

योगायोग असा की, संगणकाद्वारे आरोग्यशिक्षणाचा एक अगदी प्रारंभीचा प्रयोगही परिचारिकांवरच झाला. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन-प्रणालीवर मेरीॲन बिट्झर यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात परिचर्येच्या विद्यार्थिनींसाठी पाठ तयार केले. पडद्यावरील काल्पनिक हृद्‌रोग्याविषयी विद्यार्थिनीने स्वतः माहिती मागवावयाची, निर्णय घ्यावयाचा आणि प्रतिसाद पाहून पुढे जावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. तेव्हा इंटरनेट अस्तित्वात नव्हते, पण रुग्णाविना रुग्णशिक्षण ही कल्पना अस्तित्वात आलेली होती.

पंचेचाळीस मीटरच्या पट्ट्या

ऑनलाइन प्रशिक्षणास पडदा लागतो त्याहून अधिक ज्याची गरज असते ते म्हणजे विश्वासार्ह उत्तरांसह आलेखांचे भांडार. या भांडाराचा इतिहास बॉस्टनमध्ये घडला आणि त्याचा मूळ हेतू विद्यार्थ्यांना शिकविणे हा नव्हताच. ताल ओळखणारी स्वयंचलित यंत्रे कितपत बरोबर आहेत, हे तपासण्यासाठी सर्वमान्य नमुन्यांची आवश्यकता होती. मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि बेथ इस्रायल हॉस्पिटल यांनी 1975 ते 1979 या काळात 47 व्यक्तींच्या, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या 48 नोंदी निवडल्या. प्रत्येक नोंदीची सुमारे 45 मीटर लांबीची कागदी पट्टी दोन प्रतींत काढण्यात आली आणि दोन हृद्‌रोगतज्ज्ञांनी परस्परांचे काम न पाहता प्रत्येक ठोक्यास नाव दिले. जेथे मतभेद झाला तेथे चर्चा करून निर्णय घेतला गेला. अशा रीतीने सुमारे 1,10,000 ठोक्यांना नावे मिळाली आणि 1980 मध्ये हा संग्रह संशोधकांसाठी खुला झाला. प्रथम चुंबकीय फितींवर, 1989 पासून सीडीवर आणि 1999 मध्ये स्थापन झालेल्या ‘फिजिओनेट’द्वारे इंटरनेटवर, विनामूल्य.

दोन तज्ज्ञांचे स्वतंत्र वाचन व नंतर सहमती या पद्धतीचे महत्त्व अधोरेखित केले पाहिजे. बरोबर उत्तर कोणते, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात लेखकाच्या अधिकाराने सुटतो. येथे तो मतभेदाची नोंद घेऊन सोडविला गेला. ऐतिहासिक साधनांच्या पाठचिकित्सेत दोन पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले जातात, त्याच जातीचा हा विवेक आहे.

याच बेथ इस्रायल परंपरेतून नव्या शतकाच्या आरंभी ‘ईसीजी वेव्ह-मेवन’ हा आत्मपरीक्षणाचा ऑनलाइन संग्रह निर्माण झाला. त्याच्या कर्त्यांपैकी एक आरी गोल्डबर्गर हे वर उल्लेखिलेल्या इमॅन्युएल गोल्डबर्गर यांचे पुत्र. पित्याने बारा लीडचा आलेख पूर्ण केला आणि पुत्राने तो पडद्यावर शिकण्यासाठी खुला केला. आलेख पाहावा, संक्षिप्त पार्श्वभूमी वाचावी, आपले निदान ठरवावे, मग उत्तर उघडून ताडून पाहावे, अशी त्याची रचना आहे. शेकडो आलेख, काठिण्यानुसार प्रतवारी आणि शुल्क काही नाही. लायडेनचा संग्रह, लुइस यांची तत्काळ दुरुस्ती आणि डुबिन यांची गाळलेली जागा या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आलेल्या दिसतात.

मूल्यमापन

असे असूनही वाचन सुधारले काय? या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील कुक व सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 78 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रशिक्षणापूर्वीच्या चाचण्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची अचूकता सरासरी 42 टक्के, निवासी डॉक्टरांची सुमारे 56 टक्के, व्यवसायी डॉक्टरांची सुमारे 69 टक्के आणि हृद्‌रोगतज्ज्ञांची सुमारे 75 टक्के आढळली. चाचण्यांचे काठिण्य निरनिराळे असल्याने हे आकडे जपून वापरले पाहिजेत. तरीही तज्ज्ञांच्या हातूनही चारांतील एक आलेख चुकावा, ही बाब वैद्यकाच्या अध्यापकांनी गांभीर्याने घेण्याजोगी आहे. मराठीत वाचणे म्हणजे अक्षर लावणे आणि वाचणे म्हणजे जीव बचावणे. या विषयात दोन्ही अर्थ एकाच वेळी पणाला लागलेले असतात.

कशाने सुधारते याविषयी मात्र काही भरवशाचे पुरावे हाती आले आहेत. कॅनडातील हटाला, ब्रुक्स व नॉर्मन यांनी 2003 मध्ये दाखविले की एका विकाराचे सर्व नमुने सलग पाहणाऱ्यांपेक्षा निरनिराळ्या विकारांचे नमुने मिसळून सराव करणारे विद्यार्थी नव्या आलेखात अधिक बरोबर ठरतात. पाठ्यपुस्तकाची प्रकरणनिहाय मांडणी ही वाचकाच्या सोयीची असली तरी नजरेच्या तयारीस उपकारक नाही, असा याचा अर्थ होतो. रुग्ण काही प्रकरणांच्या क्रमाने येत नाहीत. आलेखांची सरमिसळ करणे पुस्तकास कठीण आणि संगणकास अगदी सोपे आहे, म्हणून पडद्याच्या बाजूने देता येण्याजोगे सर्वांत सबळ कारण हेच होय, असे मला वाटते. ॲनिमेशन, गुणफलक, पदके इत्यादी सजावटीचे कौतुक त्यामानाने फाजील आहे. याच संशोधकांनी 1999 मध्ये दुसरी एक गोष्ट दाखविली होती. आलेखासोबत दिलेली रुग्णाची हकिकत खरी असेल तर वाचन सुधारते आणि दिशाभूल करणारी असेल तर बिघडते. लायडेनच्या सायकलस्वाराने सुचविलेला मुद्दा अशा प्रकारे प्रयोगाने सिद्ध झाला. संगणकाने आलेखावर छापलेला चुकीचा निष्कर्षही वाचकास चुकवितो, असे 2003 मधील आणखी एका अभ्यासात आढळले. केप टाउन येथील संशोधकांच्या 2019 मधील आढाव्यानुसार केवळ संगणकाधारित अध्यापन इतर पद्धतींहून श्रेष्ठ ठरले नाही. व्याख्यान व संगणक यांचा मेळ घातलेली पद्धत मात्र निव्वळ व्याख्यानापेक्षा सरस ठरली.

अलीकडील एक घडामोड या साऱ्या विवेचनास वेगळे वळण देते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये असे दाखविले की प्रशिक्षित संगणकीय प्रतिमान सामान्य तालातील हृदयालेखावरूनही त्या व्यक्तीस अलिंदकंपनाचा विकार असल्याचे बऱ्याच अचूकतेने ओळखू शकते. ही खूण मानवी डोळ्यास दिसत नाही आणि म्हणून ती शिकविताही येत नाही. आजवर प्रत्येक यंत्राला वाचावयास माणसाने शिकविले होते. येथे यंत्र असे काही वाचते की ज्याचे अध्यापन करू शकणारा अध्यापक नाही. विद्यार्थ्याने यापुढे रेषा वाचण्यास शिकावे की यंत्राच्या वाचनाची परीक्षा करण्यास शिकावे, या प्रश्नावर अभ्यासमंडळांना लवकरच भूमिका घ्यावी लागेल. दुसरे काम पहिले आल्यावाचून जमणार नाही, असा या लेखकाचा कौल आहे.

आपल्या प्रांतांपुरता विचार करता दोन बाबी विशेष महत्त्वाच्या वाटतात. गोव्यात 2018 पासून सरकारी पुढाकाराने उभ्या राहिलेल्या योजनेत लहान आरोग्यकेंद्रांतील हृदयालेख दूरस्थ वाचनासाठी पाठविले जातात आणि रुग्णास बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून घेतले जाते. अशा जाळ्यात वाचणारा तज्ज्ञ दूर असतो, पण विद्युत्‌-अग्रे लावणारा हात आरोग्यकेंद्रातच असतो. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर पहिल्या लीडमधील रेषा उलटी उमटते. छातीवरचे अग्र एक बरगडी वर सरकले तर नसलेला विकार दिसू लागतो. ऑनलाइन संग्रहांत बहुधा निवडक, नीट काढलेले आलेखच असतात आणि या चुका तेथे क्वचितच भेटतात. दुसरी बाब अभ्यासक्रमाची. देशात 2019 मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात हृदयालेख मागविणे, काढणे व त्याचा अर्थ लावणे अशा तीन क्रियांचा एकत्र उल्लेख आहे. पडदा यांपैकी तिसरी क्रिया उत्तम शिकवितो, पहिली काही अंशी शिकवितो, मधली मात्र शिकवूच शकत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी परदेशी संग्रहांचे दुवे विद्यार्थ्यांना देऊन स्वस्थ बसण्यापेक्षा आपापल्या कक्षांतील आलेखांचे भांडार स्वतः उभारणे अगत्याचे आहे. रुग्णाची ओळख पूर्णपणे काढून टाकलेली, दोन अध्यापकांनी परस्परांचे मत न पाहता वाचलेली, मतभेद झाल्यास तो मतभेदही नोंदविलेली अशी ही नोंद असावी, आणि तीत चुकीच्या लावलेल्या अग्रांचे, थरथरणाऱ्या हातांचे, अर्धवट उमटलेले आलेखही जाणीवपूर्वक ठेवावेत. हे काम परिचर्या महाविद्यालयांना बरोबर घेऊन करावे, कारण त्यांचे विद्यार्थीच पुढे रात्रपाळीस त्या पडद्यासमोर बसणार आहेत. यासाठी लागणारी सामग्री बहुतेक शिक्षण-रुग्णालयांच्या अभिलेखकक्षात आज गठ्ठ्यांनी पडून आहे आणि औष्णिक कागदाच्या जुन्या पट्ट्यांवरील रेषा दरवर्षी थोडी थोडी पुसट होत चालली आहे.